मशिदीत चर्च, मठात कारखाना : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात स्पेनमधल्या कोर्दोबाच्या मशिदीवर एक छोटं टिपण आलं होतं. आठव्या शतकातली ती मशीद तेराव्या शतकात चर्च झाली, एवढाच त्याचा विषय होता. त्यावर सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून बरीच पत्रं आली. काहींना स्पेनबद्दल विचारायचं होतं, काहींना स्पेनच्या निमित्ताने आपल्या गावच्या वाड्याबद्दल आणि देवळाबद्दल. दोन्ही प्रकारच्या पत्रांना इथे जागा दिली आहे.

प्रश्न : कोर्दोबाच्या फोटोत खांबांच्या रांगांमधून एकदम उंच चर्च वर आलेलं दिसतं. मशीद पाडून ते बांधलं का? आणि लाल-पांढऱ्या कमानी एकावर एक अशा दोन कशासाठी? – निवृत्त चित्रकला शिक्षक, सातारा

मशीद पाडली नाही. तिचा मधला भाग काढून तिथे चर्च बसवलं. पण आधी कमानींचं सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

कोर्दोबाचा मुस्लिम अमीर अब्द अल-रहमान पहिला याने इ.स. ७८५-८६ च्या सुमारास बांधकाम काढलं. रोमन आणि व्हिसिगॉथ (मुस्लिमांच्या आधी स्पेनवर राज्य करणारे जर्मानिक लोक) काळातल्या पडक्या इमारतींचे तयार खांब हाताशी होते, पण ते आखूड होते आणि सगळे एका मापाचे नव्हते. काही खोल पुरून, काहींना खाली बैठक देऊन त्यांची उंची जुळवली. तरीही एवढ्या विस्ताराच्या दालनाला ती कमीच होती. म्हणून खांबाच्या माथ्यावर दगडी चौकोनी जोडखांब चढवला आणि दोन पातळ्यांवर कमानी टाकल्या. खालची कमान नालाच्या आकाराची आहे. तिच्यावर भिंत नाही. शेजारशेजारच्या खांबांना कलू न देणं हेच तिचं काम. वरची अर्धगोल कमान छताचा भार घेते. खालून वर जाताना बांधकाम जाड होत जातं. आपली सवय याच्या उलट, खाली रुंद आणि वर निमुळतं. तिथे जाडी वर हवी होती, कारण प्रत्येक दोन छपरांच्या मधलं पावसाचं पाणी वाहून नेणारी पन्हळ त्या भिंतीच्या माथ्यावरच आहे. ते पाणी संत्र्यांच्या झाडांच्या अंगणाकडे जातं आणि अंगणाखाली टाकं आहे.

लाल-पांढरा हा मुळात रंग नव्हे. लाल म्हणजे विटा, पांढरट म्हणजे दगड, आणि दोन्ही पाचरीच्या आकारात आलटून पालटून बसवले आहेत. दहाव्या शतकाच्या शेवटी कोर्दोबाचा सर्वेसर्वा वजीर आणि सेनापती अल-मन्सूर याने मशीद पूर्वेकडे वाढवली. त्या भागात मात्र सगळा दगडच वापरून त्यावर लाल पट्टे रंगवले आहेत. तुम्ही चित्रकलेचे शिक्षक आहात म्हणून मुद्दाम सांगतो. मोठा फोटो काढून बघा. जिथे लाल पट्ट्यात विटांचे थर मोजता येत नाहीत, तो अल-मन्सूरचा भाग.

१२३६ मध्ये कॅस्टिलचा राजा तिसरा फर्नांदो याने शहर घेतलं आणि मशीद चर्च म्हणून पवित्र करून घेतली. त्यानंतर जवळजवळ तीन शतकं मोठी तोडफोड झाली नाही. कडेच्या भिंतींना लागून छोटी प्रार्थनागृहं आली, दफनाच्या जागा आल्या, एक मध्यम आकाराचं दालन मोकळं केलं गेलं. खरा घाव १५२३ चा. बिशपने मधोमध उंच कॅथेड्रल बांधायला घेतलं. शहराच्या नगरसभेने त्याला विरोध केला, इतका की जो गवंडी मशीद पाडायला हात लावील त्याला देहदंड, असं फर्मान काढलं. प्रकरण सम्राट पाचव्या कार्लोसकडे गेलं आणि त्याने बिशपच्या बाजूने कौल दिला. एर्नान रुइस नावाचे आजोबा, मुलगा आणि नातू असे तिघे त्या कामावर होते. काम सतराव्या शतकाच्या आरंभापर्यंत चाललं.

तरीही साडेआठशेहून अधिक खांब आज उभे आहेत. आमचं मत असं की १५२३ चं काम चूक होतं. पण ते झालं म्हणूनच पुढच्या पिढ्यांना अख्खी इमारत पाडून नवं कॅथेड्रल बांधायची गरज पडली नाही, हेही खरं. सेव्हिया शहरात नेमकं तेच घडलं. तिथली मशीद गेली. उरले ते अंगण आणि मिनार.

याच इमारतीला ऑगस्ट २०२५ मध्ये आग लागली. आग लागलेलं प्रार्थनागृह सामानाची कोठी म्हणून वापरात होतं. त्याचं छत कोसळलं, बाकी इमारत वाचली. देवळाच्या एखाद्या ओवरीत मंडपाचं कापड, गाद्या, विजेची यंत्रं कोंबून ठेवायची सवय आपल्याकडेही आहे. लाकडी छताखालची अशी खोली आजच रिकामी करा.

प्रश्न : वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागे घाटावर जी घंटा आहे ती वसईच्या चर्चमधली, असं लहानपणापासून ऐकलं. स्पेनमध्ये असं कुठे झालं आहे का? – गृहिणी, वाई

वसई स्पेनची नव्हे, पोर्तुगालची होती. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये ती घेतल्यावर तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत आल्या, त्यांतली एक मेणवलीची. जवळ जाऊन पाहिलंत तर घंटेवर बाळ येशूला घेतलेली मेरी उठावात दिसते.

स्पेनमधली गोष्ट हिच्याशी फार जुळते. ९९७ मध्ये अल-मन्सूरने स्पेनच्या वायव्य टोकाच्या सांतियागो या ख्रिस्ती तीर्थक्षेत्रावर स्वारी केली, तिथल्या चर्चच्या घंटा काढल्या आणि ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यावरून कोर्दोबाला आणल्या. मशिदीत त्या दिवे म्हणून लावल्या गेल्या. १२३६ मध्ये शहर पडल्यावर तिसऱ्या फर्नांदोने त्याच घंटा मुस्लिम कैद्यांच्या खांद्यावर देऊन सांतियागोला परत धाडल्या, असं इतिवृत्तांत नोंदलेलं आहे.

घंटेचा विषय निघालाच आहे तर सेव्हियाच्या खिराल्दाबद्दल थोडं. तो मुळात मशिदीचा मिनार, ११९८ साली पूर्ण झालेला. आत जिना नाही, ३५ उतरंडी आहेत, घोड्यावर बसून वर जाता येईल इतक्या रुंद. सोळाव्या शतकात, १५५८ ते १५६८ मध्ये, त्याच्या डोक्यावर घंटांचा मजला चढवला गेला.

मिनाराला घंटा मानवतेच असं नाही. स्पेनमध्ये घंटा पूर्ण गिरकी घेईपर्यंत फिरवायची पद्धत आहे. घंटा हलली की मनोरा आडवा ढकलला जातो. तो धक्का कमी करायला तिथले कारागीर घंटेच्या वर जाड लाकडी जू बसवत. जुवाचं वजन घंटेला तोलून धरतं, त्यामुळे गिरकी सावकाश आणि एकसारखी होते. विसाव्या शतकात विजेच्या मोटारी आल्या आणि लाकडी जुवाच्या जागी लोखंडी चौकटी लावल्या गेल्या. तोल बिघडला, हादरे वाढले, लोखंडातून कंप थेट भिंतीत गेला आणि आवाजही कर्कश झाला. आता दुरुस्ती करताना पुष्कळ ठिकाणी लोखंड काढून पुन्हा लाकडी जू बसवतात. हाताने घंटा वाजवण्याच्या स्पॅनिश परंपरेला २०२२ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळालं. आपल्याकडे देवळाची जड घंटा नव्या सिमेंटच्या तुळईला लोखंडी हुकाने टांगायचं घाटत असेल, तर हुक आणि तुळई यांच्यामध्ये सागाचा ठोकळा जरूर घाला.

प्रश्न : स्पेनमध्ये एकाच वेळी हजारो मठ रिकामे कसे झाले? – स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, कराड

पैसा. १८३३ पासून गादीच्या वारसावरून कार्लिस्ट युद्ध सुरू होतं आणि सरकार कर्जात बुडालं होतं. पंतप्रधान मेन्दिसाबाल यांनी धार्मिक संघांची मालमत्ता सरकारजमा केली आणि १९ फेब्रुवारी १८३६ च्या हुकमाने ती लिलावात काढली. कर्जरोखे दर्शनी किमतीने स्वीकारले. बाजारात त्या रोख्यांना फारच कमी भाव होता, त्यामुळे ज्यांच्याकडे रोखे होते त्यांना जमिनी आणि इमारती मातीमोल मिळाल्या. शेत कसणाऱ्या गरिबाच्या हाती फारसं काही लागलं नाही. १८५५ मध्ये अर्थमंत्री मादोस यांच्या कायद्याने दुसरी फेरी झाली, तिच्यात गावांच्या सामाईक जमिनीही गेल्या. आपल्याकडे १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला बळ मिळालं आणि दक्षिण मराठा मुलखात इनामांच्या चौकश्या सुरू झाल्या, तो साधारण याच काळातला प्रकार. हेतू आणि पद्धत वेगळी, पण सरकारच्या तिजोरीची नजर धर्मादाय मालमत्तेवर पडली की काय होतं ते दोन्हीकडे दिसतं.

परीक्षेला उपयोगी पडेल असा एक फरक लक्षात ठेवा. पुरुषांचे मठ जवळजवळ सगळे बंद झाले. जोगिणींच्या मठांपैकी वीसपेक्षा कमी जोगिणी असलेले बंद करायचे होते, बाकीचे चालू राहिले. म्हणून स्पेनच्या जुन्या शहरांत जोगिणींचे मठ आजही नांदते दिसतात आणि पुरुषांच्या मठांत सरकारी कचेऱ्या, बराकी, शाळा आणि संग्रहालयं दिसतात. गावच्या नित्याच्या उपासनेची चर्चही चालू राहिली.

मठाचा नकाशा आपल्या चौसोपी वाड्यासारखा : मध्ये चौक, भोवती ओवऱ्या, ओवऱ्यांना लागून खोल्या, एका अंगाला चर्च. एकच दरवाजा सांभाळला की सगळं बंदिस्त. म्हणून तुरुंग आणि बराकींना तो लगेच सोयीचा पडला. व्हालेन्सियाचा सान मिगेल दे लोस रेयेस हा मठ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तुरुंग झाला आणि विसाव्या शतकातही बराच काळ तुरुंगच होता, आता तिथे व्हालेन्सियाचं मोठं ग्रंथालय आहे. चर्चचं दालन मात्र उंच आणि अखंड, त्याचं धान्याचं कोठार किंवा तबेला झाला. बार्सेलोनात जुलै १८३५ च्या दंगलीत मठ जाळले गेले आणि पुढे त्या जागा मोकळ्या झाल्या. पर्यटक गर्दी करतात तो बोकेरिया बाजार सान होसेच्या मठाच्या जागेवर आहे.

ज्यांना गिऱ्हाईकच मिळालं नाही ते मठ सगळ्यांत वाईट गेले. आधी छपराची कौलं आणि लाकूड विकलं जायचं. कौलं गेली की दगडी घुमटाच्या पाठीवर पाणी मुरायचं, झाडं रुजायची आणि दहा-वीस पावसाळ्यांत घुमट खाली यायचा. काटालोनियातल्या पोब्लेतच्या मठातून १८३५ मध्ये साधू गेले, पाठोपाठ लुटारूंनी आरागोनच्या राजांची थडगीसुद्धा फोडली. साधू तिथे परत आले ते १९४० मध्ये.

प्रश्न : सेव्हियाच्या एका मठाच्या फोटोत चर्चच्या मागे बाटलीसारख्या उंच भट्ट्या दिसतात. वारसा म्हणायचा तर त्या पाडल्या का नाहीत? – लघुउद्योजक, सांगली

तो ला कार्तुखा मठ, चौदाव्या शतकाच्या अखेरीस स्थापन झालेला. कोलंबसचा देह काही वर्षं इथेच पुरलेला होता. नेपोलियनच्या सैन्याने मठाची बराक केली, १८३६ च्या सुमारास सरकारने तो घेतला आणि मग चार्ल्स पिकमन नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने तिथे चिनी मातीच्या भांड्यांचा कारखाना काढला. १८४१ पासून उत्पादन सुरू झालं आणि ते १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तिथेच चाललं. म्हणजे एकशे चाळीस वर्षं.

भट्टीचा आकार कामातून आला आहे. आत कच्ची भांडी मातीच्या डब्यांत भरून एकावर एक रचायची, म्हणजे ज्वाळा आणि काजळी थेट भांड्याला लागत नाही. भोवतीच्या तोंडांतून जाळ द्यायचा. बाहेरची बाटली धुराड्याचं काम करते : पोट मोठं, मान अरुंद, त्यामुळे ओढ चांगली लागते आणि वाऱ्याचा झोत थेट भट्टीवर येत नाही. फाउंड्री चालवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

१९९२ च्या जागतिक प्रदर्शनासाठी मठ दुरुस्त केला तेव्हा भट्ट्या पाडून ‘मूळ’ मठ मोकळा करायचा मोह होणं साहजिक होतं. तसं केलं नाही, ते उत्तम झालं. कारखान्याने मठाच्या खोल्या वापरल्या, छपरं शाकारली, गळती बुजवली. कारखाना नसता तर दुरुस्त करायला मठच उरला नसता. आज तिथे आंदालुसियाचं समकालीन कलेचं केंद्र आहे आणि भट्ट्या तशाच उभ्या आहेत.

प्रश्न : आमच्या वाड्याच्या देवघराच्या आणि ओसरीच्या भिंतींचा गिलावा तळाकडून सुटतोय, पांढरी भुकटी येते. एक गवंडी म्हणतो सगळं खरवडून दगड उघडा करा आणि सिमेंटने दरजा भरा, एकदम जुन्या किल्ल्यासारखं दिसेल. स्पेनमध्ये काय करतात? – वाडामालक, वाई

आधी कोर्दोबाच्या सिनेगॉगची, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाची, हकिकत ऐका. ती वाचून हातातली छिन्नी खाली ठेवाल.

हे छोटं सिनेगॉग १३१५ मध्ये बांधलं गेलं. १४९२ मध्ये ज्यूंना स्पेनमधून घालवल्यावर तिथे पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने आजारी पडलेल्यांसाठी रुग्णालय झालं. सोळाव्या शतकाच्या शेवटी ते चांभारांच्या संघाकडे गेलं, त्यांचा संत क्रिस्पिन. दर वापरात भिंतीवर चुन्याचा हात फिरत राहिला. १८८४ मध्ये गिलाव्याचा एक तुकडा गळून पडला आणि आतून हिब्रू अक्षरं आणि गचकामातली नक्षी बाहेर आली. पुढच्याच वर्षी इमारत राष्ट्रीय स्मारक झाली. चार शतकं नक्षी राखली ती चुन्याच्या थरांनी. कोणी हौसेने भिंत खरवडून ‘दगड उघडा’ केला असता तर एक अक्षर उरलं नसतं. विसाव्या शतकात स्पेनच्या गावोगावच्या चर्चमध्ये नेमकी ही उघड्या दगडाची हौस आली होती. गिलाव्याबरोबर भित्तिचित्रांचे अवशेषही गेले, आणि जो दगड कधीच उघडा राहण्यासाठी घडवला नव्हता तो ओबडधोबड दगड पावसात झिजू लागला.

वाईकडे चित्रांकित वाडे आहेत. तुमच्या देवघरात काही निघणारच नाही असं धरून चालू नका. हातोडीच्या दांड्याने भिंत हलकेच ठोकत जा. आवाज भरीव आला तर गिलावा धरून आहे, पोकळ आला तर तिथे खडूने खूण करा. मग पोकळ नसलेल्या दोन-तीन जागी, डोळ्यांच्या उंचीला आणि कमानीजवळ, दहा-दहा सेंटिमीटरच्या चौकटी आखा आणि बोथट चाकूने एकेक थर पापुद्र्यासारखा उचला. प्रत्येक थरानंतर फोटो घ्या. रंगाची नुसती झाक दिसली तरी थांबा, पुढचं काम चित्रं जपणाऱ्या जाणकाराचं.

पांढरी भुकटी म्हणजे लोणा. जमिनीतली ओल भिंतीत चढते, तिच्याबरोबर क्षार चढतात, पृष्ठभागाजवळ पाणी उडून जातं आणि क्षारांचे खडे तिथेच वाढतात. वाढताना ते गिलावा आतून फोडतात. स्पेनमधल्या ज्या मठांचे तबेले झाले तिथे हे जास्त होतं, कारण जनावरांच्या मुताने जमिनीत नायट्रेट साठलेलं असतं. तुमच्या ओसरीत पूर्वी गोठा होता का ते घरच्या म्हाताऱ्यांना विचारा.

सिमेंटचा गिलावा केलात तर ओल बाहेर पडायची वाट बंद होते. मग ती आणखी वर चढते. मीटरभर उंचीला होती ती दीड-दोन मीटरवर दिसू लागते. सांध्यात सिमेंट भरलं तर त्याहून वाईट : सांधा दगडापेक्षा कठीण आणि बंद होतो, सगळी ओल दगडातून बाहेर पडते आणि पाच-दहा वर्षांत सांधे तसेच ताठ उभे राहून मधला दगड पोखरला जातो. जुन्या इमारतींतलं सिमेंट काढून टाकणं हेच आज स्पेनमधल्या दुरुस्त्यांतलं एक मोठं खर्चाचं काम झालं आहे.

करायचं ते असं. पहिल्यांदा पाण्याचा बंदोबस्त : पन्हळीचं पाणी भिंतीपासून लांब न्या, अंगणात बाहेरून भर पडून माती जोत्याच्या वर आली असेल तर ती उतरवा, भिंतीला लागून केलेला सिमेंटचा कोबा फोडा. मग एक अख्खा उन्हाळा भिंतीला सुकू द्या. बहुतेक लोक इथेच घाई करतात. लोणा कोरड्या मऊ ब्रशने झाडून घ्या आणि भुकटी सुपलीत गोळा करून बाहेर टाका. पाण्याने धुतलात तर क्षार विरघळून पुन्हा आत जातात. जास्त असेल तर साध्या कागदाचा लगदा क्षार नसलेल्या पाण्यात कालवून दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा थर भिंतीवर थापा. सुकताना क्षार लगद्यात ओढले जातात. पूर्ण वाळला की उचलून फेका, तोच लगदा पुन्हा वापरू नका. असं दोन-तीनदा करावं लागतं.

सांधे भरायचे तर जुना मसाला सांध्याच्या रुंदीच्या किमान दुप्पट खोलीपर्यंत हाताने काढा. यंत्राची चकती लावू नका, ती दगडाच्या कडा खाते. कळीचा चुना विरवून भरपूर दिवस पाण्याखाली मुरू द्या, महिन्याच्या आत हात लावू नका. एक भाग चुना आणि तीन भाग धुतलेली, बारीक-जाड मिसळ असलेली वाळू. ओलीच्या जागी वाळूपैकी थोड्या भागाऐवजी चांगल्या भाजलेल्या विटांची सुर्खी घाला, म्हणजे मसाला पाण्यातही धरतो. सांधा आधी पाण्याने भिजवा, मसाला दाबून भरा, आणि ओल्या गोणपाटाने आठवडाभर झाकून ठेवा. चुना उन्हात भराभर वाळला की नुसता भुगा होतो. पावसाळ्याच्या तोंडावर हे काम काढू नका. दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने चांगले.

प्रश्न : चर्चचं हॉटेल किंवा खेळाचं मैदान करायला धर्मगुरू परवानगी देतात? – शुश्रूषा महाविद्यालयातली विद्यार्थिनी, मिरज

कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेत १२२२ वं कलम याबद्दलच आहे. चर्च उपासनेला वापरता येत नसेल आणि दुरुस्तही होत नसेल, किंवा दुसरं गंभीर कारण असेल, तर बिशप ते लौकिक वापराला देऊ शकतो. मात्र तो वापर हिणकस असता कामा नये. दुसऱ्या प्रकारात धर्मगुरूंच्या मंडळाचा सल्ला घ्यावा लागतो आणि ज्यांचा त्या चर्चवर हक्क आहे त्यांची संमती लागते. वेदी हा वेगळा भाग : इमारत लौकिक झाली तरी वेदीचं पावित्र्य आपोआप जात नाही, हे १२३८ व्या कलमात स्पष्ट आहे, म्हणून ती आधी हलवायची. इमारत संरक्षित असेल तर यावर सरकारी परवाना वेगळा. १९८५ च्या स्पॅनिश वारसा कायद्याने जिला सर्वांत वरचा दर्जा दिला आहे, अशा वास्तूत खिडकी बदलायलासुद्धा प्रादेशिक सरकारच्या संस्कृती खात्याची मंजुरी लागते.

आस्तुरियासमधल्या यानेरा इथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं सांता बार्बारा चर्च ओस पडलं होतं. तिथे आता चाकाच्या फळीवर (स्केटबोर्डवर) खेळायचे उतार आहेत आणि २०१५ मध्ये ओकुदा या चित्रकाराने आतल्या भिंती आणि छत रंगवले. बार्सेलोनात तोर्रे खिरोना नावाच्या चॅपेलमध्ये २००५ पासून मारेनोस्त्रुम हा महासंगणक होता. चॅपेलच्या आत काचेची मोठी पेटी उभारून त्यात यंत्रं ठेवली, थंड हवा, तारा आणि धूळ यांचा प्रश्न पेटीच्या आतच सोडवला, त्यामुळे जुन्या भिंतींना जवळजवळ हात लागला नाही. पुढचा मोठा संगणक शेजारच्या नव्या इमारतीत गेला आणि चॅपेल आहे तसं राहिलं. आमच्या मते नवा वापर असाच असावा, उद्या निघून गेला तर खाली मूळ वास्तू सापडली पाहिजे. काटालोनियातल्या सांतपेदोरच्या फ्रान्सिस्कन चर्चचं सभागृह करताना नवे जिने आणि यंत्रखोल्या दालनाच्या बाहेरच्या अंगाला बांधल्या, आणि छताच्या ढासळलेल्या जागेतून उजेड आत घेतला, तेही याच विचाराने.

प्रश्न : कोयनेच्या जलाशयात गावं गेली तेव्हा दगडी देवळं उचलून वर आणता आली नसती का? स्पेनमध्ये असं केलं आहे असं वाचलं. – शेतकरी, पाटण तालुका

येतं, पण वेळ आणि पैसा आधी लागतो, धरणाचं पाणी चढू लागल्यावर नव्हे. सामोरा प्रांतात सान पेद्रो दे ला नावे हे व्हिसिगॉथ काळातलं चर्च रिकोबायो धरणामुळे बुडणार होतं. १९३० ते १९३२ मध्ये ते दगड-दगड सोडवून वरच्या गावात उभं केलं. गालिसियात बेलेसार धरणासाठी १९६० च्या दशकात पोर्तोमारिन हे गाव वर हलवलं, तेव्हा तिथलं किल्ल्यासारखं सान निकोलास चर्चही आलं. त्याच्या दगडांवर घातलेले आकडे आजही बाहेरून वाचता येतात.

पद्धत अशी. आधी प्रत्येक भिंतीचं मापासकट रेखाचित्र काढायचं आणि त्यात प्रत्येक चिरा वेगळा दाखवायचा. चिऱ्याला तीन आकडे हवेत : भिंतीचा, थराचा आणि थरातल्या जागेचा. शिवाय वरची बाजू दाखवणारा बाण. आकडा शक्यतो सांध्यात दडणाऱ्या तोंडावर घालायचा. सांध्यांची जाडी मोजून ठेवायची, कारण दर सांध्यात पाच मिलिमीटरची चूक झाली तर तीस थरांत पंधरा सेंटिमीटर फरक पडतो आणि कमान बसत नाही. कमानी सोडवण्याआधी खालून लाकडी साचा लावायचा, आणि उतरवायला सुरुवात वरच्या मधल्या, कमान अडकवून धरणाऱ्या चावीच्या दगडापासून. नोंदवहीच्या दोन प्रती, दोन वेगळ्या जागी ठेवलेल्या.

नोंदींना किती किंमत असते ते साक्रामेनियाच्या मठावरून कळतं. सेगोव्हियातल्या बाराव्या शतकातल्या या मठाचं १८३५ नंतर धान्याचं कोठार आणि तबेला झालं होतं. १९२५ मध्ये अमेरिकेतला वृत्तपत्रांचा मालक विल्यम रँडॉल्फ हर्स्ट याने त्याचा मोठा भाग विकत घेतला. दगड सुट्टे करून, गवतात गुंडाळून, क्रमांक घातलेल्या सुमारे ११,००० पेट्यांतून न्यूयॉर्कला पाठवले. त्याच सुमाराला सेगोव्हियाकडे जनावरांत लाळखुरकताची साथ आली होती. गवतातून रोग येईल या भीतीने अमेरिकन अधिकाऱ्यांनी पेट्या फोडून गवत जाळलं आणि दगड परत भरले, पण ज्याच्या त्याच्या पेटीत नाही. क्रमांक होते ते पेट्यांवर. हर्स्टची आर्थिक घडी विस्कटली आणि दगड ब्रुकलिनच्या गोदामात पंचवीसेक वर्षं पडून राहिले. १९५२ मध्ये दुसऱ्या मालकांनी ते घेऊन फ्लोरिडात मायामीजवळ मठ उभा करायला घेतला. जमिनीवर दगड पसरून जोड्या लावत बसावं लागलं, १९ महिने गेले आणि खर्च सुमारे १५ लाख डॉलरवर गेला. काही दगडांना जागा सापडलीच नाही.

प्रश्न : आम्ही दोघं पुढच्या वर्षी स्पेनला जातोय. अशा वास्तूत राहता येतं का? – सेवानिवृत्त दांपत्य, सांगली

येतं. सरकारी मालकीच्या ‘पारादोर’ या हॉटेलांचं जाळं १९२८ पासून आहे आणि त्यांतली बरीच जुन्या मठांत, किल्ल्यांत आणि रुग्णालयांत आहेत. ग्रानादाचं पारादोर अल-हम्ब्रा या मुस्लिम राजांच्या किल्ल्याच्या आवारातल्या सान फ्रान्सिस्को मठात आहे. राणी इसाबेलचा देह १५०४ पासून १५२१ पर्यंत याच मठात होता. खोल्या थोड्या आणि मागणी फार, म्हणून तारीख ठरली की आधी हे ठरवा, विमान नंतर. सांतियागोचं पारादोर म्हणजे यात्रेकरूंसाठी राजाराणींनी बांधलेलं रुग्णालय. लेओनचं सान मार्कोस बाहेरून अतिशय देखणं, पण कवी केवेदो १६३९ ते १६४३ तिथे कैदेत होता आणि यादवी युद्धात तिथे राजकीय कैद्यांची छावणी होती, हे ठाऊक असून आत गेलेलं बरं.

एकच दिवस असेल तर तोलेदोला द्या. सांता मारिया ला ब्लांका आणि एल त्रान्सितो ही दोन जुनी सिनेगॉग एकमेकांपासून चालत पाच मिनिटांवर आहेत. दोन्ही पुढे चर्च झाली, दोन्हींत सैनिक राहून गेले, आणि आता दोन्ही पाहायला खुली आहेत. एल त्रान्सितो सरकारी संग्रहालय आहे, सोमवारी बंद असतं. आत गेल्यावर मान वर करून छताच्या खालची हिब्रू अक्षरांची पट्टी आधी बघा, मग भिंत. चष्म्यापेक्षा छोटी दुर्बीण जास्त उपयोगी पडेल.